रबराची पट्टी

दसरा-दिवाळीच्या मधले ते आठ-दहा दिवस. पाऊस परतलेला असतो, कापसाची पहिली वेचणी चालू असते आणि आमच्या गावच्या नाल्याला अजून पोटरीभर निवळशंख पाणी वाहत असतं. शिंदखेडा तालुक्यातला हा पट्टा अवर्षणाचा. उघडीप लागली की पंधरा-वीस दिवसांत नाल्याची धार बारीक होत जाते आणि मग एके सकाळी नुसते ओले गोटे दिसतात. बंधाऱ्याची दारं टाकायची ती या आठ-दहा दिवसांतच. आधी टाकली आणि परतीचा पाऊस जोरात आला तर दारं वाहून जातात. उशीर झाला तर अडवायला पाणीच राहत नाही.

आमचा बंधारा कोल्हापूर पद्धतीचा. गावात सगळे त्याला केटी म्हणतात. नाल्याच्या आडवे दगडी खांब, खांबांच्या अंगाला उभ्या खाचा आणि त्या खाचांमध्ये वरून सोडायच्या लोखंडी फळ्या, हीच दारं. एक फळी उचलायला दोन माणसं लागतात. एकीवर एक बसत गेल्या की दोन खांबांमधला गाळा बंद होतो. फळीच्या कडेला रबराची पट्टी असते, तीन बोटं रुंद, काळी, अंगठ्याने दाबली की दबणारी. ही पट्टी धड असेल तर दिवाळीत भरलेला बंधारा शिमग्यापर्यंत पाणी धरतो. काठच्या विहिरी जित्या राहतात, हरभऱ्याला दोन पाणी मिळतात, गहू पदरात पडतो. पट्टी कडक होऊन तडकली असेल तर प्रत्येक फटीतून रात्रंदिवस पिचकारी चालू राहते आणि संक्रांतीला बंधारा कोरडा.

सगळ्या फळ्यांच्या पट्ट्या बदलायला येणारा खर्च गावातल्या एका लग्नाच्या मांडवाच्या भाड्याहून कमी आहे. गावाच्या कामासाठी बाहेरून येणाऱ्या पैशाबद्दल मला जे काही कळलं, ते त्या पट्टीपाशी कळलं.

मी धुळ्यात हिशेबाचं काम करते. दुकानदारांच्या वह्या, लहान संस्थांचे ताळेबंद, पतसंस्थेची कामं. हे गाव माझं सासर. बंधारा दुरुस्त करायचं गावाने मनावर घेतलं तेव्हा कागदपत्रं माझ्याकडे आली, कारण घरात अर्ज लिहिणारी मीच. पुण्याकडच्या एका कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा निधी एका संस्थेमार्फत मिळणार होता. मी महिनाभर रात्री बसून प्रस्ताव लिहिला. किती घनमीटर गाळ, किती विहिरींना फायदा, किती एकर रब्बी वाढेल, ग्रामसभेचा ठराव, सातबारे, नकाशा, फोटो. शेवटच्या पानावर एक रकाना होता: ‘काम पूर्ण झाल्यावर देखभाल कोण करेल?’ मी लिहिलं, ‘देखभाल ग्रामस्थ करतील.’ तीन शब्द. पुढच्या रकान्यावर गेले.

काम छान झालं. खरंच छान झालं. एप्रिलमध्ये पोकलेन आलं, मेअखेरपर्यंत गाळ निघाला, तो ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरने मुरमाड वावरांत पडला. खांबांची दरजभरणी झाली, नव्या फळ्या आल्या, नवं रबर आलं. त्या दिवाळीत पाणी पहिल्यांदा वरच्या पिंपळापर्यंत तुंबलं तेव्हा माझ्या सासूबाई काठावर जाऊन ओटी भरून आल्या. कंपनीची माणसं आली, त्यांना कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत जेवायला घातलं. ती माणसं मनापासून खूश होती, आम्हीही होतो. त्या दिवसाबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे.

दुसऱ्या वर्षी फळ्या काढायला उशीर झाला. त्या काढायच्या मे महिन्यात, पहिल्या पुराच्या आधी. मे महिन्यात गावात लग्नं असतात, ज्याला त्याला आपापलं नांगरट-वखरणीचं असतं, आणि ‘कोणीतरी काढेल’ हे प्रत्येकालाच वाटतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत पूर आला आणि दोन फळ्या गेल्या. एक खाली अर्ध्या कोसावर बाभळीत अडकलेली सापडली, वाकलेली. दुसरी आजपर्यंत सापडलेली नाही. तिसऱ्या वर्षी रबर गेलं. चौथ्या वर्षी आमचा बंधारा डिसेंबरमध्ये कोरडा होता.

मी संस्थेला फोन केला. प्रकल्प बंद झाला होता, आमच्याकडे येणारा कार्यकर्ता दुसरीकडे गेला होता. नव्या माणसाने आपुलकीने ऐकून घेतलं आणि सांगितलं की नवा प्रस्ताव पाठवा, पण दुरुस्तीच्या दुरुस्तीला पैसा मंजूर होणं अवघड आहे. ज्या कार्यालयाकडे बंधारा कागदोपत्री होता, तिथे कळलं की दुरुस्तीची तरतूद संपली आहे. पंचायतीत कळलं की बंधारा त्यांच्या मालमत्ता नोंदवहीत नाही, म्हणून खर्च टाकता येत नाही. कोणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाचा नियम त्याच्या जागी बरोबर होता, आणि त्या सगळ्या बरोबर नियमांच्या मधल्या फटीतून आमचं पाणी वाहून जात होतं.

माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही तिथे असायचो. आखाजीचे झोके, गौराईची गाणी, पाटाच्या कडेला केळीखाली ओली जमीन. तिथलं पाणी आपोआप येतं असंच मला वाटायचं, जसा सूर्य येतो तसं. चौथ्या वर्षी बंधारा कोरडा पाहिला तेव्हा मात्र आजोळचे पाट मला वेगळे आठवायला लागले.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची ती फड पद्धती. तीन-चारशे वर्षांची जुनी. नदीत बांधलेला दगडी बंधारा, त्याच्या एका अंगाने निघालेला पाट, पाटाखालचं भिजणारं सगळं क्षेत्र ते थळ. त्या थळाचे मोठमोठे तुकडे पाडलेले, त्यांना फड म्हणायचं. एका फडात एकच पीक. या फडात ऊस, त्या फडात गहू, तिसऱ्यात खरिपाचं काही, आणि दर वर्षी ही पिकं फिरती. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. त्यामुळे पाऊस कमी पडला आणि पंचांनी ठरवलं की यंदा एकाच फडाला पाणी द्यायचं, तर नुकसान एकाच्या माथी बसायचं नाही. कमी झालं तर सगळ्यांचंच थोडं कमी व्हायचं. माझ्या आजोबांच्या, आबांच्या, तीन ठिकाणी पसरलेल्या जमिनीचा मला फार राग यायचा, कारण भाकरी पोचवायला तीन ठिकाणी चालावं लागायचं. त्या तीन तुकड्यांमागचा विचार मला कळायला वयाची चाळिशी उलटावी लागली.

शेतकरी स्वतः पाणी भरत नसे, हे तर आज सांगितलं तरी आमच्या सासरी कोणी विश्वास ठेवत नाही. पाणी भरायला थळाची माणसं असत. पाट बघणारा पाटकरी, बाऱ्याने वावरात पाणी देणारा बारेकरी, सगळ्यांवर देखरेख करणारा हवालदार, आणि रात्रीची पिकं राखणारा जागल्या. आम्ही ओट्यावर झोपलेलो असायचो आणि लांबून जागल्याची हाळी ऐकू यायची. डुकरं हाकलायची हाळी. आजीच्या कुशीत ती हाळी ऐकत झोप लागायची. त्या माणसाच्या पोटाची सोय काय, हा प्रश्न त्या वयात कुठून पडणार?

त्याची सोय पिकातून होती. खळ्यावर रास झाली की घरी धान्य जाण्याआधी या माणसांचा वाटा निघायचा. पुढे काही ठिकाणी एकरी रोख झाली. शिवाय वर्षातून एकदा पाटाचा गाळ काढायला, बंधाऱ्याचे निखळलेले दगड बसवायला ज्याच्या त्याच्या जमिनीच्या हिशेबाने घरटी माणूस जायचा. माणूस नसेल तर पैसे. आबांच्या घरात कितीही अडचण असली तरी त्या वाट्याची चर्चा झालेली मला आठवत नाही. बी-बियाणं बाजूला काढावं तसा तो बाजूला निघायचा.

मी हिशेब लिहिणारी बाई, मला ही गोष्ट हिशेबाच्या भाषेत दिसते. फडात देखभाल हा पहिला खर्च होता. बांधकाम कधीतरी कोण्या एका काळात झालं असेल, कोण्या राजाने नाहीतर जहागीरदाराने पैसा दिला असेल. ते नाव कोणाला ठाऊक नाही. पाटकऱ्याचा वाटा मात्र प्रत्येक पिढीला माहीत होता. आज आपण नेमकं उलटं करतो. बांधकामाला लाखांनी पैसा, त्यावर देणाऱ्याचं नाव, आणि पाटकऱ्याच्या वाट्याला प्रस्तावातले तीन शब्द.

फडांचंही पुढे आकसत गेलं. वर लाटीपाड्याचं धरण झालं, अक्कलपाड्याचं झालं, घरोघर विहिरी आणि मोटारी आल्या, आणि ज्याच्या विहिरीत पाणी त्याला थळाची गरज उरली नाही. आजोळचा पाट आता काही भागांतच वाहतो. मला तिथे परत जायचं नाही, तसं जाताही येणार नाही. विहिरीवाल्या माणसाला फडात बसवणं शक्य नाही. मला फक्त त्या खळ्यावरच्या वाट्याचं काहीतरी आमच्या नाल्यावर आणता येईल का, हे पाहायचं होतं.

म्हणून मी फिरले. सुट्टीच्या दिवशी, एसटीने, कधी भाच्याच्या मोटारसायकलवर.

धुळे तालुक्यात लामकानीला गेले. डॉ. धनंजय नेवाडकर आणि गावकऱ्यांनी तिथल्या उजाड डोंगरांवर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली, पाणलोटाची कामं केली आणि गवत परत आणलं. मे महिन्याच्या टळटळीत उन्हात पिवळ्या गवताने झाकलेली टेकडी पाहिली. आमच्या भागात मे महिन्यातली टेकडी म्हणजे भाजलेली ढेकळं. तिथे वाळलेलं का होईना पण कमरेइतकं गवत. ते गवत कोणत्या यंत्राने उगवलं नव्हतं. ते न खाऊ दिल्यामुळे उगवलं होतं, आणि न खाऊ द्यायला रोज माणूस लागतो, वर्षानुवर्षं लागतो.

साक्री तालुक्यात बारीपाड्याचं तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. जंगल राखणाऱ्या त्या गावच्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा खान्देशात लोकांनी आपल्या घरातल्याला मिळाल्यासारखे पेढे वाटले. गावाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जंगल राखायला घेतलं, त्याला तीस वर्षांवर झाली. आधी गावाने आपले नियम केले, तोडणाऱ्याला दंड ठरवला, राखण लावली. मोठ्या योजना, पुरस्कार, भेटी देणारे लोक, हे नंतर आलं. २००४ पासून तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते. बायका रानातून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात आणि कोणती भाजी कुठे उगवते, कशावर चालते, हे तोंडपाठ सांगतात. मी एका मावशींसमोर उभी होते. त्यांनी एक भाजी दाखवून सांगितलं की ही मध्यंतरी दिसेनाशी झाली होती, जंगल वाढलं तशी परत आली. ते सांगताना त्यांनी पानाच्या द्रोणात भाजी वाढली आणि मी खाईपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

शिरपूरचा अनुभव वेगळा आहे आणि तो सांगितल्याशिवाय पैशाची गोष्ट पूर्ण होत नाही. तिथे २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल करून बंधाऱ्यांच्या साखळ्या बांधल्या. पाठीशी तिथले पुढारी अमरीशभाई पटेल होते आणि तिथल्या प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणीचा पैसा होता. पद्धतीवर मतभेद आहेत. इतकं खोल खोदल्याने भूजलाचं काय होतं यावर जाणकार वाद घालतात, आणि तो वाद व्हायलाच हवा. पण मला त्यातली दुसरी एक बाजू महत्त्वाची वाटते. पैसा स्थानिक होता, दर वर्षी येत होता, आणि जमीन ओळखणारा माणूस वर्षानुवर्षं त्याच नाल्यांवर चालत होता. एका आर्थिक वर्षात सुरू होऊन त्याच वर्षात संपणारं ते काम नव्हतं.

जमीन ओळखण्याचं म्हणाल तर आमच्या भागाचं एक गुपित आहे. धुळे-नंदुरबारच्या काळ्या पाषाणात पूर्व-पश्चिम जाणाऱ्या डाइकच्या रांगा आहेत. लाव्हारस भेगांतून वर येऊन थिजला, त्या जमिनीतल्या उभ्या भिंती. काही ठिकाणी त्या भिंतीसारख्याच वर दिसतात, पोरं त्यावर चढून खेळतात. जमिनीखाली त्या झिरपणारं पाणी अडवूनही धरतात. डाइकच्या एका अंगाच्या विहिरीला पाणी आणि पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या अंगाच्या विहिरीला खडखडाट, असं आमच्याकडे होतं. बंधारा कुठे बांधला तर पाणी कोणाच्या विहिरीत उतरेल, हे आधी पाहायला हवं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे लोक ते सांगू शकतात. पण त्या पाहणीसाठी कोणी निधी मागत नाही आणि कोणी देतही नाही, कारण पाहणीचं उद्घाटन करता येत नाही. माझी हात जोडून विनंती आहे, गाळाच्या प्रत्येक प्रस्तावात आधी ही पाहणी मागा.

आता पैसा कुठून येतो ते सांगते, कारण माझ्याकडे येणारी गावाकडची पोरं हेच विचारतात.

कंपन्यांचा निधी २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाने येतो. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी लागू असलं तरी त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायची. पर्यावरण त्यात येतं. ही रक्कम गावच्या समितीला थेट मिळत नाही. कंपनी स्वतः काम करते किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत करते, आणि त्या संस्थेकडे आयकराच्या १२ए आणि ८०जी या नोंदी, तीन वर्षांच्या कामाचा दाखला, शिवाय सीएसआर-१ ही कंपनी मंत्रालयाकडची नोंद लागते. म्हणून चांगली मध्यस्थ संस्था शोधणं हे अर्धं काम. पैशाची घाई मार्चमध्ये असते. पण याच नियमांत ‘चालू प्रकल्पा’ची सोय आहे: सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं काम चालवता येतं. मी पहिल्या प्रस्तावाच्या वेळी हे वाचलंच नव्हतं. वाचलं असतं तर गाळ एका वर्षात मागितला असता आणि पट्टी चार वर्षांची.

गाळासाठी सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहे. सुरुवातीला गाळ वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्याचाच होता. मोठा शेतकरी ट्रॅक्टर लावायचा, लहान शेतकरी काठावर उभा राहून बघायचा. पुढे अल्प आणि अत्यल्पभूधारकांना, विधवा आणि अपंग शेतकऱ्यांना, आत्महत्याग्रस्त कुटुंबांना अनुदान सुरू झालं, घनमीटरला ३५.७५ रुपये, एकरी १५,००० च्या मर्यादेत, जास्तीत जास्त अडीच एकरांना ३७,५००. माझ्या मते या योजनेतला सगळ्यात माणुसकीचा निर्णय हाच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा होता: अर्धा स्वच्छतेला, अर्धा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांना. सातपुड्याच्या अंगाला, धडगाव-अक्कलकुव्याकडे पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या, गावांना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळतो आणि त्याचा आराखडा ग्रामसभेने करायचा असतो. ग्रामसभेला दोन-चार डोकी येतात तिथे हा आराखडा दुसराच कोणीतरी करतो, हेही मी पाहिलं आहे.

पूर्वीच्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची एक अट मला फार आवडते. गावाने मजुरीच्या १६ टक्के श्रमदान करायचं. भूमिहीनांना आणि एकट्या बायकांना त्यातून सूट. ज्याच्या वावरात पाणी मुरणार त्याचा घाम आधी आणि ज्याला वावरच नाही त्याच्यावर भार नाही, हा न्याय त्या दोन ओळींत होता.

आमच्या गावात हे सगळं सांगायला मी एका संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसले. कागद घेऊन गेले होते. पंधरा मिनिटं बोलले. बचत गटातल्या एक ताई, रोजंदारीने निंदणीला जाणाऱ्या, मागच्या रांगेतून म्हणाल्या, “पैसा कोनी दिन्हा हाई समजनं. पन आते याले देखी कोन?” त्या एका वाक्यात माझे पंधरा कागद मिटले. त्या पुढे म्हणाल्या की ज्याची विहीर भरते त्याने वर्गणी द्यावी. ज्यांना वावर नाही त्यांनी का द्यावी? आणि वर्गणी गोळा झाली तर बंधाऱ्यावर बघायला ठेवायचा माणूस आमच्यातला असावा.

यावर बराच गलका झाला. विहिरीवर पाण्याच्या तीन मोटारी असलेले एक काका उठून चालायला लागले. वरच्या अंगाचे म्हणाले, पाणी खालच्यांना मिळतं. खालचे म्हणाले, तुंबतं वरच. तेव्हा जिभाऊ बोलले. ऐंशीच्या घरातले आमचे जिभाऊ फार बोलत नाहीत. ते एवढंच म्हणाले, “पानी बठ्ठास्नं शे,” म्हणजे पाणी सगळ्यांचं आहे, आणि स्वतःच्या विहिरीचे पैसे पारावर ठेवले. त्यांची विहीर बंधाऱ्यापासून सगळ्यात लांब, तिला सगळ्यात कमी फायदा.

त्या संध्याकाळी ठरलं ते असं. काठच्या प्रत्येक विहिरीमागे, भिजणाऱ्या एकरांच्या हिशेबाने, कापूस विकला की वर्गणी. रोख नसेल तर दादर ज्वारी किंवा गहू. भूमिहीनांना काही नाही. बँकेत वेगळं खातं, दोन सह्या, त्यातली एक बचत गटाच्या ताईंची. ऑक्टोबरमध्ये दारं टाकणं, आठवड्याला एकदा फटी बघणं, मे महिन्यात दारं काढून शाळेच्या खोलीत रचणं, या कामाला पगारी माणूस. आणि हिशेब हनुमान जयंतीला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, कोणी दिले आणि कोणी नाही दिले त्या नावांसकट. नावं वाचायची म्हटल्यावर तीन मोटारींचे काका परत येऊन बसले. पहिल्या वर्षी सगळ्यांनी दिले नाहीत. काका मात्र द्यायला आले, पोत्याने गहू घेऊन.

मी आता कोणाचाही प्रस्ताव लिहिते तेव्हा शेवटच्या पानापासून सुरुवात करते. देखभाल कोण करेल, त्याला कोण पैसे देईल, किती, कोणत्या महिन्यात, वही कोणाकडे. हे ठरल्याशिवाय मी पहिलं पान लिहीत नाही. देणाऱ्यांशीही मी आता मोकळेपणी बोलते. गेल्या वर्षी एका कंपनीच्या बाईंना म्हटलं, तुम्ही आम्हाला दहा बंधारे देताय, त्याऐवजी सात द्या आणि तीन बंधाऱ्यांचे पैसे या सातांच्या देखभालीसाठी चार वर्षं हप्त्याने द्या, गावाने जेवढी वर्गणी गोळा केली तेवढीच रक्कम तुमची. गावाने शून्य जमवले तर तुमचेही शून्य. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, हे मी वर कसं मांडू ते मला लिहून द्या. मी त्याच रात्री लिहून दिलं.

बंधारा दुरुस्त करायला यंदा आम्हाला कोणाकडे जावं लागलं नाही. रबर धुळ्याहून मीच आणलं, पिशवीत गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून. त्याचा वास दिवसभर साडीला होता. नाल्यावर पोरांनी फळ्या आडव्या मांडल्या होत्या. जुनी पट्टी सुरीने खरवडून काढली, ती बिस्किटासारखी तुटत होती. नवी पट्टी ताणून बसवली, बोल्ट आवळले. फळी खाचेत सोडली की आधी खर्र आवाज येतो, मग शेवटच्या वितीला रबर घासतं आणि आवाज बंद होतो. प्रत्येक फळीला तो बंद झालेला आवाज ऐकायला सगळे थांबत होते.

दुपारपर्यंत सगळे गाळे भरले. जिभाऊ काठावर बसून होते. ते उठले, धोतराचा सोगा खोचला, खालच्या बाजूने पाण्यात उतरले आणि एकेका सांध्यावर तळहात टेकवत गेले. चौथ्या गाळ्यापाशी थांबले. बोटं फिरवली. वरून पोराने मूठभर भुसा सोडला, तो फटीकडे ओढला गेला आणि तिथेच बसला. जिभाऊंनी परत हात टेकवला आणि तो कोरडा करून आम्हाला दाखवला.

मी वहीत लिहिलं: रबर पट्टी, बोल्ट, दोन माणसांची मजुरी, एसटी भाडं. त्याखाली मे महिन्यात दारं काढायची तारीख. ज्याला या वर्षी राखणीला ठेवलंय तो मुलगा, त्या ताईंचा धाकटा, ओल्या हाताने जवळ आला आणि वहीत वाकून बघू लागला. तारखेपुढे त्याचं नाव मी अजून लिहिलं नव्हतं. त्याने पेन मागितला आणि स्वतः लिहिलं.